काल्हेरचा कारभार कोणाचा?

भिवंडी-ठाणे रस्त्यावरच्या काल्हेरमध्ये ट्रक कंपाउंडात शिरतो, मागची फळी खाली पडते आणि हमाल खोकी पाठीवर घेऊन गाळ्यात नेऊ लागतात. दारातला सुपरवायझर प्रत्येक खोक्यावर स्कॅनर टेकवतो. मालाची नोंद संगणकात होते. माल वाहणाऱ्याची बहुधा मुकादमाच्या वहीत.

भातखाचरे जाऊन इथे गोदामे का आली? ‘विकास झाला’ हे त्याचे उत्तर नव्हे. मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती. हद्दीबाहेर, पण महामार्गांजवळ आणि न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यात असलेल्या भिवंडीच्या खेड्यांत माल साठवला, तर मुंबईत जाईल तेवढ्यावरच ती भरावी लागे. कराच्या एका रेषेने गावांचा धंदा बदलला. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली.

जे आपोआप घडल्यासारखे दिसते, त्यामागची व्यवस्था शोधायची, हेच समाजशास्त्राचे मूळ काम. युरोपात ऑग्युस्त कोंतने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शास्त्राचे बारसे केले. दुर्खाइमने 1893 मध्ये श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. मुंबई विद्यापीठात हा विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. पण महाराष्ट्रात हा विचार विद्यापीठाची वाट पाहत थांबला नव्हता. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहिताना जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा माग सारा, कर्ज, कचेरी आणि नाकारलेले शिक्षण यांतून काढला. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीची यंत्रणा जातीअंतर्गत विवाहातून उलगडून दाखवली. दोघांच्या अभ्यासाला ज्ञानाइतकीच न्यायाची ओढ होती.

तीच ओढ घेऊन काल्हेरकडे पाहायला हवे. इथे जमीन एकाची, गाळा भाड्याने घेणारी कंपनी दुसऱ्या शहरातली, राबणारा अनेकदा उत्तर प्रदेश-बिहारचा आणि त्याचे मत त्याच्या गावच्या यादीत. ग्रामपंचायत गावातली, पण परिसराच्या नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए). मालकी, श्रम, मत आणि निर्णय यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, की सत्ता कुणाला जाब देत नाही. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले; पण गावात राबणारा माणूस मतदारयादीतच नसेल, तर तिथे त्याच्या पाण्याचा, खोलीच्या भाड्याचा, मजुरीचा प्रश्न मांडायचा कोणी? आणि जमीन विकून पैसा संपलेल्या भूमिपुत्र कुटुंबाचा तरी कोणी?

म्हणून भिवंडी-ठाण्याच्या महाविद्यालयांतील समाजशास्त्राच्या मुलांनी या गावांची पाहणी करावी: जमीन कोणाची होती, आज भाडे कोणाला मिळते, हमालाच्या हातात किती पडते, निर्णयाच्या कागदावर सही कोणाची. ही माहिती ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. सत्तेचा हिशेब मागता यावा, यासाठीच तर हे शास्त्र आहे.