घोळक्यासाठी रंगवलेल्या भिंती

रोमेनियाच्या ईशान्य टोकाला बुकोविना नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सुचावा शहरातून सकाळी निघालेली सहलीची बस दीड-दोनशे किलोमीटरचा फेरा मारून संध्याकाळी परत येते आणि तेवढ्यात चार मठ दाखवते: वोरोनेत्स, हुमोर, मोल्दोवित्सा आणि सुचेवित्सा. वाटेत गवताच्या गंजी, लाकडी घरं, मोल्दोवित्सा ते सुचेवित्सा या टप्प्यात अकराशे मीटर उंचीचा घाट. या मठांमधली चर्च आतून तर रंगवलेली आहेतच, पण बाहेरच्या भिंतीही पायापासून वळचणीपर्यंत चित्रांनी भरल्या आहेत. घरी परतलेल्या माणसाला त्यातलं लक्षात राहतं ते बहुधा एवढंच: वोरोनेत्सचा निळा, हुमोरचा लाल, मोल्दोवित्साचा पिवळा, सुचेवित्साचा हिरवा.

एका दिवसात चार मठ उरकणाऱ्या गटांना एकट्याने हिंडणारे प्रवासी नावं ठेवतात. मठ ही शांततेची जागा, तिथे तीस-चाळीस माणसांचा घोळका कशाला, असा त्यांचा सवाल असतो. धावपळीबद्दलची तक्रार रास्त आहे. घोळक्याबद्दलची मात्र मुळीच पटत नाही, कारण या भिंती एकट्या रसिकासाठी रंगवलेल्याच नाहीत.

हा मुलूख तेव्हा मोल्दाव्हियाच्या राज्यात होता. वोरोनेत्सचं चर्च मोल्दाव्हियाचा राजा श्तेफान चेल मारे याने १४८८ मध्ये बांधलं. मे महिन्यात काम सुरू झालं आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे चार महिन्यांच्या आत, पुरं झालं. वास्तू लहान आहे. सणावाराला गावंच्या गावं लोटली की बहुतेक माणसं बाहेरच उभी राहणार, आणि त्यातल्या फार थोड्यांना अक्षरओळख असणार. १५४७ मध्ये धर्मगुरू ग्रिगोरे रोश्का याने पुढचा भाग वाढवून बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. बाहेर चित्रं का काढली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण ओल्या गिलाव्यावर, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर, अंगणातून दिसतील अशी चित्रं काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंगणातली गर्दी नसेल, हे मानणं कठीण आहे.

पश्चिमेची भिंत पाहावी. तिला दार नाही, खिडकी नाही. अख्खी भिंत एकाच चित्राला दिली आहे. विषय न्यायाचा दिवस. ख्रिस्ताच्या पायापासून आगीची नदी निघते आणि तिरकी खाली उतरत पापी माणसांना ओढून नेते. देवदूत मेलेल्यांना जागं करतात ते बुच्यूम वाजवून, म्हणजे कार्पेथियन डोंगरातले मेंढपाळ वाजवतात ते लांब शिंग फुंकून. खाली कबरी उघडत आहेत, आणि जंगली जनावरं आपण खाल्लेल्या माणसांचे हातपाय तोंडातून परत देत आहेत, कारण त्या दिवशी प्रत्येकाला आपलं शरीर पुरं मिळायला हवं. त्या जनावरांपाशी आले की गटातली लहान मुलं खिळून उभी राहतात. साडेचारशे वर्षांपूर्वीची मुलंही तिथेच थांबली असणार.

याच भिंतीवर मोशे एका जमावाला पुढे घेऊन येतो: यहुदी, तुर्क, तातार, आर्मेनियन. हे सगळे न्यायाच्या चुकीच्या बाजूचे. तुर्क आणि तातार स्वारी करून येत, म्हणून त्यांची जागा समजू शकते. आर्मेनियन मात्र ख्रिस्ती होते, शेजारी होते. सुचावात त्यांच्या व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांची प्रार्थनास्थळं आजही त्या शहरात उभी आहेत. चित्र १५४७ चं. चारच वर्षांनी, १५५१ मध्ये, श्तेफान रारेश गादीवर असताना मोल्दाव्हियातल्या आर्मेनियनांचा धर्मासाठी छळ झाला. चित्रामुळे छळ झाला असं म्हणता येणार नाही. पण ज्या समाजाने शेजाऱ्याला भिंतीवर कुठे उभं करायचं हे आधीच ठरवलं होतं, त्याच समाजात तो झाला. ‘वोरोनेत्सचा निळा’ म्हणून बसमध्ये चढणाऱ्या गटाला यातलं काहीच कळत नाही, आणि सहलीचा खरा तोटा हा आहे.

मोल्दोवित्साला असंच घडतं. हा मठ राजा पेत्रू रारेश याने १५३२ मध्ये बांधला, चित्रं १५३७ ची. दक्षिण भिंतीवर कॉन्स्टँटिनोपलचा वेढा आहे. घाईतला वाटाड्या सांगून टाकतो की हा १४५३ चा पाडाव. पण इथे शहर पडलेलं नाही. वरून आगीचा पाऊस पडतो आहे, तटावर मरियेची प्रतिमा मिरवली जाते आहे, शत्रू हटतो आहे. मूळ प्रसंग सातव्या शतकातला, ६२६ च्या वेढ्याचा, शहर वाचलं तो. चित्रकाराने शत्रूला कपडे दिले ते मात्र आपल्या काळातल्या तुर्कांचे, आणि हाताशी तोफा दिल्या. हरलेलं शहर भिंतीवर वाचवलं, ते आपलंही राज्य वाचावं म्हणून. १५३८ मध्ये, म्हणजे चित्र पुरं झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, तुर्की सुलतान सुलेमानची फौज आली आणि पेत्रू रारेशला गादी सोडून पळावं लागलं. या भिंतीसमोर इस्तंबूलचा प्रवासी, आर्मेनियन प्रवासी आणि मराठी प्रवासी एका गटात उभे असतील तर प्रत्येकाला वेगळं काही दिसेल. ते एकमेकांना सांगण्याची सोय गटातच असते. एकट्याने फिरणाऱ्याकडे पुस्तक असतं, पण उलट उत्तर देणारं माणूस नसतं.

हुमोर आणि सुचेवित्साबद्दल थोडक्यात. हुमोर १५३० चं, आकाराने आटोपशीर. सुचेवित्साला भक्कम तट आहे आणि उत्तर भिंतीवर स्वर्गाची तीस पायऱ्यांची शिडी: एका बाजूला शिस्तीत उभे देवदूत, दुसऱ्या बाजूला घसरणाऱ्या साधूंना खाली खेचणारे सैतान. ही शिडी अंगणात लांब उभं राहून पाहावी, जवळ गेलं की रांगांची शिस्त हरवते.

हे मठ पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १७७५ मध्ये बुकोविना ऑस्ट्रियाकडे गेला आणि १७८५ मध्ये वोरोनेत्सचा मठ बंद झाला. मठ पुन्हा सुरू झाला तो १९९१ मध्ये, तिथे नन राहायला आल्या तेव्हा. मधली दोनशे वर्षं चर्च होतं, मठ नव्हता. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने १८१९ मध्ये आपलं नाव कोरलं, तशी नावं वोरोनेत्सच्या उत्तर भिंतीवरही हात पोचेल तिथवर कोरलेली आहेत. साम्यवादी राजवटीत १९५९ च्या हुकुमाने देशभरातल्या हजारो साधूंना आणि ननना मठांतून बाहेर काढलं गेलं. आज चारही ठिकाणी नन राहतात. शेती, स्वयंपाक, प्रार्थना चालू असते. उपासनेच्या आधी एक नन लाकडाची लांब फळी हातात धरून, छोट्या हातोडीने ती ठोकत चर्चभोवती फिरते. त्या फळीला तोआका म्हणतात. ठेका हळू सुरू होतो आणि वाढत जातो. सहलीच्या वेळापत्रकात तोआकाची वेळ सहसा धरलेली नसते.

म्हणून बुकोविनाला जाणाऱ्या गटाने सहल आखणाऱ्याला आधीच सांगावं: चार मठ नकोत, वोरोनेत्स आणि मोल्दोवित्सा पुरेत. प्रत्येक ठिकाणी निदान दोन तास द्या, वाटाड्या म्हणून मठातल्या ननना विचारा, आणि एका ठिकाणी तरी संध्याकाळच्या उपासनेपर्यंत बस थांबवून ठेवा.