रहस्य, गुपित आणि उलगड्याचा अधिकार

मराठीत 'रहस्य' आणि 'गुपित' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्या मुळाशी असलेले अर्थ मात्र भिन्न आहेत. 'रहस्य' हा शब्द 'रहस्' म्हणजे एकांत, निर्जन स्थान यावरून आला. 'गुपित' हा शब्द 'गुप्' या धातूकडे जातो आणि त्या धातूचा मूळ अर्थ राखणे, रक्षण करणे असा आहे. रहस्य कुठेतरी एकांतात पडून असते आणि शोधणाऱ्याची वाट पाहते. गुपित कोणीतरी राखलेले असते. त्याला धनी असतो, राखण्यामागे कारण असते आणि बहुधा भयही असते. म्हणूनच रहस्य उलगडते आणि गुपित फुटते. पहिल्या क्रियापदात गुंता सुटल्याचे समाधान आहे, दुसऱ्यात मोडतोडीची जाणीव आहे. गाडल्या गेलेल्या भूतकाळाभोवती रचलेल्या अलीकडच्या रहस्यप्रधान कादंबऱ्यांचा नैतिक विचार या फरकापासून सुरू करता येतो.

त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना असे दाखवून दिले, की अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली प्रत्यक्ष घडून गेलेली, परंतु संहितेत अनुपस्थित. दुसरी संहितेत उपस्थित, परंतु स्वतः फारसे महत्त्व नसलेली. ही मांडणी गाडलेल्या गुपितांच्या कादंबरीला लावली असता एक अडचण उद्भवते. येथे दोन कथांमध्ये दहा-वीस वर्षांचे, कधी एका पिढीचे अंतर असते. त्या अवधीत पहिली कथा निश्चल राहिलेली नसते. तिच्यावर संसार उभे राहिलेले असतात, मालमत्ता वाटल्या गेलेल्या असतात, काहींची प्रतिष्ठा आणि काहींची बदनामी तिच्यावरच पोसलेली असते. अशा स्थितीत तपासाची कथा तटस्थ राहूच शकत नाही. जमीन खणताना वर उभी असलेली घरे हलणारच.

तथापि या वाङ्मयप्रकाराने एक गृहीतक जवळजवळ निर्विवाद मानले आहे : दडलेले सत्य बाहेर आलेच पाहिजे आणि ते बाहेर येणे म्हणजेच न्याय होणे. या गृहीतकामुळे वाचकाच्या कुतूहलाला फुकटचे नैतिक बळ मिळते. पान उलटण्याची ओढ ही जणू न्यायाची ओढ आहे असे त्याला वाटू लागते. वास्तविक वाचकाचा त्या गुपिताशी काहीही संबंध नसतो. त्याला कोणी काही देणे लागत नाही आणि जे उघड होईल त्याची झळ त्याला पोचणार नसते. कादंबरी त्याच्यासाठी गुपिताचे रूपांतर रहस्यात करते. या रूपांतरात गुपिताचा धनी नाहीसा होतो आणि कोडे तेवढे शिल्लक राहते.

या रूपांतराचे स्वरूप मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला लीला बेणारे हिच्या खाजगी आयुष्याच्या चौकशीत बदलतो. तिच्याविषयी जे बाहेर येते ते खोटे नाही. नाटकाची भेदकता तेथेच आहे. साक्षी होतात, सत्य उघड होते, शिक्षाही सुनावली जाते. न्याय मात्र घडत नाही. कारण उघड झालेल्या सत्यावर त्या मंडळींचा काही अधिकार नव्हता आणि ज्याने त्या सत्यातला आपला वाटा उचलायला हवा होता, तो प्राध्यापक दामले तेथे हजरच नव्हता. रहस्यकथेच्या वाचकाने स्वतःला या मंडळींमध्ये बसलेले पाहिले, तर आपल्या उत्कंठेविषयी तो इतका निश्चिंत राहणार नाही.

यावरून गुपिते गाडलेलीच राहू द्यावीत असा निष्कर्ष काढणे मात्र तितकेच सोपे आणि तितकेच चुकीचे ठरेल. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मूठ कोणाची आहे हे विचारत नाही. पुष्कळदा मूठ बलिष्ठाची असते आणि तिच्यात दुसऱ्याचे आयुष्य चिरडलेले असते. गोपनीयतेच्या नीतीचा विस्ताराने विचार करणाऱ्या सिसेला बोक यांनी असत्य आणि गोपन यांत भेद केला आहे. असत्याला प्रथमदर्शनीच समर्थनाची गरज असते. गोपन स्वतः चांगले वा वाईट नसते, ते कोण करते, कोणापासून करते आणि कशासाठी करते यावर त्याचे मूल्य ठरते. सत्य अशा प्रकारे एक देणे ठरते. देणे म्हटले की देणेकरी आला आणि घेणेकरीही आला. सत्य बाहेर यावे की नाही, एवढाच प्रश्न विचारला की हे दोघेही नजरेआड होतात. ते कोणाला देय आहे, हा प्रश्न विचारल्यावर मात्र दोघांनाही समोर यावे लागते.

लिझ मूर यांच्या २०२४ मधील 'द गॉड ऑफ द वुड्स' या कादंबरीत हा भेद कथानकाच्या रचनेतच उतरलेला दिसतो. १९७५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील अॅडिरॉन्डॅक परिसरातल्या एका उन्हाळी शिबिरातून बार्बरा व्हॅन लार ही मुलगी नाहीशी होते. तिचा भाऊ बेअर १९६१ मध्ये असाच नाहीसा झालेला असतो. व्हॅन लार हे त्या जमिनीचे धनाढ्य मालक. मुलाच्या मृत्यूमागचे खरे कारण कुटुंबाने दडवलेले असते आणि संशय कार्ल स्टॉडर्ड या त्यांच्याच जागेवर काम करणाऱ्या माणसावर जाऊ दिलेला असतो. खटला उभा राहण्यापूर्वीच तो मरण पावतो. कलंक त्याच्या बायकामुलांना वारशाने मिळतो. येथे सत्य हे स्टॉडर्ड कुटुंबाचे उघड देणे आहे आणि ते चुकते झालेच पाहिजे. परंतु बार्बराची कथा वेगळी आहे. ती स्वतःहून, एका विश्वासू व्यक्तीच्या साहाय्याने, घरापासून लपलेली आहे. तपास करणारी ज्युडी लप्टॅक अखेरीस तिच्यापर्यंत पोचते आणि जे कळले ते स्वतःजवळ ठेवते. एकाच तपासाच्या शेवटी एक गुपित फोडणे आणि दुसरे राखणे या दोन्ही कृती न्याय्य ठरतात, कारण दोन्हींत सत्याचा हक्कदार निराळा आहे. जंगल दोन्ही गुपिते सारखीच लपवते. विवेक तपासणाऱ्याला करावा लागतो.

केइगो हिगाशिनो यांच्या २००५ च्या जपानी कादंबरीत (इंग्रजी अनुवाद 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', २०११) हाच प्रश्न अधिक अवघड रूपात येतो. यासुको ही स्त्री छळ करणाऱ्या आपल्या पूर्वीच्या पतीचा जीव घेते, हे वाचकाला आरंभीच कळते. शेजारी राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक तिला आणि तिच्या मुलीला वाचवण्याची जबाबदारी घेतो. वाचकाची सहानुभूती या तिघांबरोबर जाते. गुपित टिकावे असेच त्याला वाटू लागते. शेवटी उघड होते ते असे, की पहिला मृत्यू झाकण्यासाठी इशिगामीने नदीकाठी राहणाऱ्या एका बेघर माणसाला ठार मारले आणि त्याचे प्रेत यासुकोच्या पतीचे म्हणून पुढे केले. आधीच्या पानांवर हा माणूस ओझरता दिसून गेलेला असतो. वाचकाने त्याच्याकडे लक्ष दिलेले नसते, आणि ज्या कारणाने वाचकाने दिले नाही, त्याच कारणाने इशिगामीने त्याला निवडलेले असते : त्याच्या नसण्याची नोंद कोणी घेणार नव्हते.

भौतिकशास्त्रज्ञ युकावा हे सत्य यासुकोला सांगतो आणि ती कबुली द्यायला जाते. युकावाने सांगावे की नाही, ही चर्चा बहुधा इशिगामीच्या त्यागाच्या बाजूने वा विरुद्ध केली जाते. अखेरच्या प्रसंगाचा सारा भावनिक भारही त्याच्या आक्रोशावर आहे. परंतु सत्याचा खरा हक्कदार त्या प्रसंगात नाहीच. तो बेघर माणूस मेलेला आहे, त्याच्या वतीने दावा सांगणारे कोणी नाही, आणि त्याला इशिगामीने मनाशी दिलेल्या टोपणनावाखेरीज नाव नाही. येथे उलगड्याचे समर्थन कोणाच्या हिताने होत नाही; यासुकोचे, तिच्या मुलीचे, इशिगामीचे, सर्वांचेच नुकसान होते. तरीही तो उलगडा आवश्यक ठरतो, कारण मौन राखले असते तर एका माणसाचे अस्तित्व दुसऱ्यांदा पुसले गेले असते. ज्याला घेणेकरी उरला नाही असे देणेही देणेच असते. कादंबरी हे स्पष्ट शब्दांत म्हणत नाही, आणि तिच्या करुणेत हा माणूस जवळजवळ झाकला जातो. वाचकाला मात्र आपल्या सहानुभूतीचा हिशोब तपासावा लागतो.

ताना फ्रेंच यांच्या 'इन द वुड्स' (२००७) या कादंबरीने वाचकाच्या अपेक्षेलाच नकार दिला आहे. डब्लिनजवळच्या एका वस्तीलगतच्या रानात १९८४ मध्ये दोन मुले नाहीशी होतात; तिसरा मुलगा सापडतो, पण त्याला काहीच आठवत नाही. पुढे तोच नाव बदलून गुप्तहेर होतो आणि वीस वर्षांनी त्याच जागी झालेल्या एका मुलीच्या खुनाचा तपास त्याच्याकडे येतो. खून घडतो तो पुरातत्त्वीय उत्खननाच्या जागेवर, आणि त्या जागेवरून महामार्ग जाणार असतो. खणणे आणि बुजवणे या दोन्ही क्रिया एकाच भूमीवर चालू आहेत. नव्या खुनाचा छडा लागतो, परंतु खऱ्या सूत्रधाराची कबुली हाती येऊनही ती कायद्यापुढे टिकत नाही, कारण त्या मुलीचे वय अठराहून कमी असते. जुने रहस्य तर अखेरपर्यंत उलगडतच नाही. सत्य कळणे आणि न्याय होणे यांना या वाङ्मयप्रकाराने एकत्र बांधले होते. फ्रेंच यांनी दोन्ही टोकांनी ती गाठ सोडली. एका प्रकरणात ज्ञान आहे आणि न्याय नाही, दुसऱ्यात ज्ञानही नाही. पुष्कळ वाचकांना हा शेवट फसवणूक वाटू शकतो. परंतु नाहीशा झालेल्या मुलांच्या आईबापांना जे मिळाले नाही ते वाचकाला मिळावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न त्या नाराजीतच दडलेला आहे.

रहस्यप्रधान कादंबरीची समीक्षा सामान्यतः रचनेच्या निकषांवर केली जाते : सूत्रे प्रामाणिकपणे पेरली गेली का, धक्का अनपेक्षित आणि तरीही अपरिहार्य होता का. गाडलेल्या भूतकाळाच्या कादंबरीला हे निकष अपुरे पडतात. अखेरच्या प्रकरणात सत्य कोणाच्या हाती पडते, त्याची किंमत कोण मोजतो आणि ज्याचे ते देणे होते त्याच्यापर्यंत ते पोचते का, हेही तपासावे लागते. जी कादंबरी सारे काही वाचकाच्या पदरात टाकून संपते, तिने गुपित फोडलेले असते, देणे मात्र फेडलेले नसते. स्टॉडर्डच्या घरच्यांना त्याचे नाव स्वच्छ होऊन मिळते, बार्बराला तिचे लपणे मिळते. नदीकाठच्या त्या माणसाला त्याचे नावही मिळत नाही. कादंबरी मिटल्यावर वाचकाच्या मनात यांपैकी कोण रेंगाळते, यावरून तिने त्याला कोडे घातले होते की माणसांसमोर उभे केले होते, हे ठरते.