थोरांचीं चित्रें आणि सत्य

थोर पुरुषाचें चित्र घरांत लावतांना त्याच्या उणिवांकडे डोळेझांक करणें हा कृतज्ञतेचाच एक भाग आहे, असें पुष्कळांना वाटतें. हें मत पारखून पाहण्यास अमेरिकेच्या आद्य नेत्यांचीं जुनीं कोरीव चित्रें फार उपयोगी पडतात. छायाचित्रणाची कला निघण्यापूर्वी नेत्याचा चेहरा सामान्य जनांपर्यंत पोंचविण्याचें एक मोठें साधन म्हणजे ताम्रपट. मूळ तैलचित्र एकच असे. परंतु तें तांब्याच्या पत्र्यावर कोरून खांचांत शाई भरली व ओलसर कागद वर दाबला, कीं त्याच्या अनेक प्रती निघत आणि घरोघरच्या भिंतींवर जात.

एडवर्ड सॅव्हेज याचें ‘वॉशिंग्टन कुटुंब’ हें १७९८ सालीं प्रसिद्ध झालेलें चित्र अशांपैकींच होय. मेजाभोंवतीं चौघेजण आहेत : जॉर्ज वॉशिंग्टन, त्याची पत्नी मार्था, आणि मार्थेच्या पहिल्या विवाहाकडून झालेलीं दोन नातवंडें. मेजावर नव्या राजधानीचा नकाशा पसरला आहे. मुलाचा हात पृथ्वीच्या गोलावर आहे. जो कुटुंबाचा पिता तोच राष्ट्राचा पिता, हा बोध पाहणाराला सहज होतो. परंतु उजव्या कडेला चाकराच्या पोषाखांत एक पांचवा माणूस उभा आहे. तो कृष्णवर्णीय असून वॉशिंग्टनच्या घरचा गुलाम असावा, असें अभ्यासक मानतात. चित्राखालच्या इंग्रजी व फ्रेंच मजकुरांत चौघांचा उल्लेख आहे. या पांचव्याचा नाहीं. तो नेमका कोण, याविषयीं आजही एकमत झालेलें नाहीं.

यावर नेहमीचें उत्तर असें, कीं माणसाला त्याच्या काळाच्या मापानें मोजावें; गुलामगिरी त्या काळीं रूढच होती. उत्तर वाजवी दिसतें खरें. पण तें वॉशिंग्टननेंच खोडून काढलें आहे. चित्र निघाल्यावर सुमारें वर्षभरानें, जुलै १७९९ मध्यें, त्यानें आपलें मृत्युपत्र लिहिलें. आपल्या मालकीचे गुलाम पत्नीच्या पश्चात् मुक्त करावे, आणि जुना खासगी सेवक विल्यम ली यास ताबडतोब मुक्त करून वर्षास ३० डॉलर द्यावे, अशी त्यांत व्यवस्था आहे. अन्याय त्यास दिसत होता, याला याहून निराळा पुरावा कशास हवा?

माउंट व्हर्नन येथील त्याच्या मळ्यावर त्या सालीं ३०० हून अधिक गुलाम होते. त्यांतले १५३ मार्थेच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेपैकीं असल्यामुळें त्यांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्यानें वॉशिंग्टनला नव्हता. १८०२ सालीं मार्था निवर्तली, तेव्हां ते तिच्या चार नातवंडांत वांटले गेले. मेजापाशीं दिसणारीं दोन गोजिरवाणीं मुलें त्या चौघांपैकींच.

मग असें चित्र भिंतीवरून उतरवावें काय? माझ्या मतें, नाहीं. तें उतरविलें तर त्या पांचव्या माणसाची उरलीसुरली खूणही आपण पुसून टाकूं. कृतज्ञतेचा खरा मार्ग आपल्याच एका ग्रंथांत सांपडतो. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो त्यांनीं गुलामांना दास्यमुक्त केलें म्हणून. कशाबद्दल ऋणी आहों, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. कृतज्ञता कृत्याला वाहिली, कीं तिला डोळे मिटण्याचें कारण उरत नाहीं. १७९७ सालीं वॉशिंग्टननें अध्यक्षपद आपण होऊन सोडलें, याबद्दल त्याला वंदन करावें. आणि त्याच डोळ्यांनीं चित्राची उजवी कडही पाहावी.

सॅव्हेजच्या चित्राखालीं पांचव्या माणसासाठीं एक ओळ वाढवावी. त्याचें नांव ठाऊक नसेल तर तेवढेंच लिहावें. त्या ओळीनें वॉशिंग्टनचा मोठेपणा जितका कमी होईल, तितका तो मुळांत त्याचा नव्हताच.