गिअर आणि हिसका

अमेरिकेत नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटायला आला. त्याच्याकडे २००९ सालची निस्सान ३७० झेड ही स्पोर्ट्‌स मोटार आहे.

"सर, वळणाआधी खालचा गिअर टाकला, की त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणून क्लच सोडण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिनाचा वेग वाढवून घ्यायचा. मेळ चुकला की गाडी हिसका देते."

१९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले आणि गिअरच्या दातांची करकर कमी झाली. या गाडीत तर हा मेळही यंत्रच घालून देते. ती मदत घ्यायची की नाही, त्यासाठी एक बटन आहे.

"मी ती बंद ठेवतो. हिसका बसला, की आपली चूक कळते. आई शेजारी बसली, की मात्र चालू."

मी गप्प झालो. वर्गात मूल अडखळले, की पुढचा शब्द मीच सांगून टाकतो. वाचन सुरळीत होते. पण ती सफाई मुलाची की माझी? आपल्या शिकण्याचे हिसके दुसऱ्याला बसू नयेत, हे खरेच. पण वर्गात मुलाच्या शेजारी बसलेला मीच असतो. सुट्टी संपली, की थोडे सोसून पाहीन म्हणतो.