लावणे आणि राखणे

मननार्थ शास्त्रभाग : उत्पत्ति २:१५, लूक १३:६-९



सन १९७२ च्या जून महिन्यात स्वीडन देशातील स्टॉकहोम शहरी अनेक राष्ट्रांची परिषद भरली, आणि पुढील वर्षापासून ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. त्याच १९७२ साली आपल्या महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. तो दुष्काळ पाहिलेली वडीलधारी माणसे आजही पाण्याचा थेंब वाया घालवीत नाहीत.

जूनच्या आरंभी शाळांना सुट्टी असते, म्हणून आमच्या गावच्या शाळेने हा दिवस पहिला पाऊस पडल्यावर पाळला. मुले, गुरुजी, बाया व मंडळीतील तरुण असे सर्वजण सकाळीच माळावर जमले. कोणी कुदळीने खड्डे खणले, कोणी घमेल्याने शेणखत वाहिले, कोणी ओढ्यातील प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचून काढल्या. कडुलिंब, चिंच व करंज यांची रोपे लावण्यात आली.

इतक्यात तिसरीतील एक मुलगी एका जुन्या आळ्यापाशी जाऊन उभी राहिली. त्यात एक वाळकी काडी होती. ती म्हणाली, "गुरुजी, गेल्या वर्षी हे झाड माझ्या हातून लावले होते. ह्याला पाणी कोणी घालायचे होते?"

कोणीही उत्तर दिले नाही. गेल्या वर्षी त्याच ठिकाणी उभे राहून आम्हीच भाषण केले होते, आणि त्या दिवसानंतर आम्ही तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो. काही रोपे उन्हाळ्यात पाण्यावाचून गेली, काही शेळ्यांनी खाल्ली. आणि त्या शेळ्या परक्या नव्हत्या, आपल्याच मंडळीच्या दावणीच्या होत्या.

बंधूंनो, देवाने पहिल्या मनुष्यास बागेत ठेवले तेव्हा त्याला दोन कामे नेमून दिली: एक मशागतीचे, दुसरे राखणीचे. पहिले काम चारचौघांत होते. दुसरे एकट्याने करावे लागते, आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. पण राखण म्हणजे काय हे आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. ज्वारी हुरड्यात आली म्हणजे आपण गोफण घेऊन माळ्यावर बसतो; जो बसत नाही त्याची कणसे पाखरे रिकामी करतात. स्वतःच्या शेताविषयी जे आपल्याला कळते, ते प्रभूच्या भूमीविषयी का कळू नये? भूमी त्याची आहे. आपण केवळ कारभारी आहो.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. तेथे पाऊस कमीच, वर्षास सुमारे ४०० मिलीमीटर. सन १९९० च्या सुमारास त्या गावाने श्रमदान आरंभिले, आणि त्याबरोबर कुऱ्हाडबंदी व चराईबंदीही पत्करली. त्यांनी खड्डे व चर खणले हे खरे. परंतु त्यांनी कुऱ्हाड आवरली आणि जनावरे आवरली, म्हणून गवत व झाडे टिकली. धावणारे पाणी गवताने, मुळांनी व बांधांनी थोपविले, ते जमिनीत मुरले, आणि विहिरींना पाणी आले. हे एका दिवसात झाले नाही; त्यास वर्षे लागली.

म्हणून आमची विनंती अशी आहे. प्रत्येक घराने दोन झाडे आपली म्हणून पत्करावी. त्यांभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करावे. मुळाशेजारी एक मडके पुरून त्याच्या बुडाशी बारीक भोक पाडावे, त्यात चिंधीची वात घालावी, आणि दोनचार दिवसांनी ते भरीत जावे. म्हणजे थोडक्या पाण्यात रोप उन्हाळा काढील. शेळ्या बांधून घालाव्या व त्यांस चारा कापून आणावा. उपदेशक बंधूंनी महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर विचारावे, "किती झाडे जिवंत आहेत?" किती लावली, हे विचारू नये.

आणि उपदेशक बंधूंनो, हाच प्रश्न आपण आपल्या मंडळीविषयीही स्वतःला विचारू या. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण मोठ्या आनंदाने गीते गातो. परंतु त्यानंतर त्या घराच्या उंबऱ्यावर आपण किती वेळा जातो?

प्रभूच्या दाखल्यातील अंजिराचे झाड तोडण्याची आज्ञा झाली, तेव्हा माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. त्याने नुसती मुदत मागितली नाही. त्याने झाडाभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. आपल्यालाही आणखी एक वर्ष मिळाले आहे.

त्या मुलीने यंदा त्याच आळ्यात कडुलिंबाचे रोप लावले आहे. तिच्या प्रश्नास त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. ते आज देतो. मुली, पाणी आम्ही घालावयाचे होते. ह्या शनिवारपासून आम्ही घालू. देव आम्हांस ह्या वचनात स्थिर राखो. आमेन.