अंड्यातला जीव आणि कोंबडीचे हाड

अंडे भक्ष्य की अभक्ष्य, हा वाद आपल्या धर्मविचारात पुरातन आहे; परंतु त्याची जी उत्तरे परंपरेने दिली, ती एकतर अंड्याकडे पाहून दिली किंवा ते खाणाऱ्याकडे पाहून दिली, ते घालणारीकडे पाहून फारशी कोणी दिली नाहीत. मनुस्मृतीने गावातल्या कोंबड्याला लसूण-कांद्याच्या पंक्तीत बसवून द्विजाला वर्ज्य ठरविले, त्यात चिंता होती ती द्विजाच्या शुद्धीची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या पार्श्वनाथाला येणारा श्रावक अंडे नाकारतो तो त्याच्या आत वाढू शकणाऱ्या जीवासाठी. आणि चंद्रपूरच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामी ज्यांनी आपल्या उत्तरायुष्याचा मोठा काळ घालविला त्या गांधीजींनी पुण्याच्या आगाखान राजवाड्यातल्या बंदिवासात आरोग्यावर जे लहानसे पुस्तक लिहिले, त्यात नराच्या संयोगाविना घातलेल्या अंड्यात पिलू संभवत नाही, तेव्हा ज्याला दूध चालते त्याला असे अंडे चालण्यास हरकत नसावी, असा निर्वाळा दिला.

गांधीजींचा हा निर्वाळा मला विचारात पाडतो, कारण दुधाच्या बाबतीत त्यांनी जनावराच्याच बाजूने विचार केला होता. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध थेंब न् थेंब निपटून काढण्यासाठी जी ‘फुंका’ नावाची अघोरी रीत चाले, तिची हकीकत कळल्यावर दुधाविषयी त्यांच्या मनात जी किळस बसली, ती त्यांच्या दुग्धत्यागाचे एक कारण ठरली; पुढे प्राणांतिक दुखण्यातून उठताना त्यांनी शेळीचे दूध घेतले, तेही मनाला टोचणी लावून घेऊनच. ज्या पुरुषाने दुधाच्या पेल्यामागे गाईची वेदना पाहिली, त्याला अंड्यामागे कोंबडी का दिसली नाही? माझे उत्तर असे की, त्यांच्या काळी या मुलुखात जी कोंबडी होती ती उकिरड्यावर चरणारी, खुडूक होऊन बसणारी गावठी कोंबडी होती, आणि तिच्या अंड्यामागे दडलेली वेदना अशी काही नव्हतीच. ती पुढे निर्माण करण्यात आली.

कोंबडीची मूळ जात पाहावयाची तर मध्य भारताच्या अरण्यांत यावे, जेथे लाल आणि करड्या रानकोंबड्यांचे प्रदेश एकमेकांना भिडतात. यांतल्या लाल जातीपासून जगातली पाळीव कोंबडी मुख्यतः उतरली. रानातली ती मादी एका विणीत पाच-सहा अंडी घालते, वर्षभरात दहा ते पंधरा, आणि एकवीस दिवस उबवून पिलांना घेऊन पालापाचोळा उकरीत फिरते. गडचिरोलीच्या पाड्यावरची गावठी कोंबडी तिच्याहून बरीच अधिक अंडी देते, परंतु तिचीही पाळी असते: काही दिवस अंडी, मग खुडूक, मग पिलांचा संसार, मग पिसे गाळून नव्याने धरणे. पिंजऱ्यातली लेअर, म्हणजे केवळ अंड्यांसाठी पैदा केलेली कोंबडी, मात्र वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. तिच्या वंशातून खुडूक होण्याची प्रवृत्ती माणसाने वेचून वेचून काढून टाकली आहे, आणि दिवस मावळला तरी दिवे लावून चौदा-सोळा तासांचा उजेड तिच्यावर ठेवला जातो, म्हणजे हिवाळा आला हे तिच्या देहाला कळू नये.

या वाढीचा जमाखर्च कोंबडीच्या हाडांत लिहिलेला असतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिच्या अख्ख्या सांगाड्यात मिळून असते जेमतेम वीस ग्रॅम. वर्षाला तीनशे अंडी म्हणजे सहाशे ग्रॅम, स्वतःच्या सांगाड्यातल्या साठ्याच्या तीसपट. पोल्ट्रीवाला खाद्यात शिंपल्याचा चुरा मिसळतो, त्यात तो कसूर करीत नाही. पण कवच घडते ते बहुतांशी रात्री, जेव्हा पोटातले खाद्य सरत आलेले असते, आणि तेव्हा उरलेली भर हाडांतून काढली जाते. निसर्गाने यासाठी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक मऊ, चटकन झिजणारे आणि चटकन भरून येणारे अस्थिद्रव्य ठेविले आहे. परंतु अंडी चालू असेतो देह हेच द्रव्य बनवीत राहतो. भार वाहणारे टणक हाड झिजते तेवढे झिजते, पुन्हा भरत नाही. ते भरून येण्याचा काळ म्हणजे अंडी थांबण्याचा काळ, खुडूक होण्याचा काळ. डोंगरउतारावरचा तुकडा काही हंगाम पिकवून मग रानाला परत देण्याची जी रीत या भागातल्या माडियांच्या पूर्वजांची होती, तशीच ही विश्रांती होती. ती आपण काढून घेतली.

आठवडी बाजारात कधीकधी अंडी संपलेल्या लेअर कोंबड्या स्वस्तात विकावयास येतात. अशी एक हातात घेऊन पाहावी. तुरा फिका पडून एका बाजूला लोंबतो, मानेवरची पिसे पिंजऱ्याच्या तारेला घासून गेलेली असतात, चोचीचे टोक लहानपणीच छाटलेले असते, आणि छातीच्या उभ्या हाडावरून बोट फिरविले तर पुष्कळदा ते मध्येच वाकलेले, गाठ आलेले लागते. ते मोडून तसेच सांधलेले हाड असते. २०२१ साली डेन्मार्कमधील एका पाहणीत सर्व प्रकारच्या संगोपनांतल्या कोंबड्या मिळून सुमारे ८५ टक्क्यांच्या छातीचे हाड मोडलेले आढळले. यात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्याही होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पिंजरा क्रूर आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण पिंजऱ्याचे दार उघडल्याने ते हाड बळकट होत नाही, कारण मागणी देहाच्या आत, वंशातच पेरलेली आहे. याखेरीज अंग बाहेर येणे आणि त्यावर शेजारणींनी टोचून टोचून जीव घेणे, बलक पोटात सांडून आत पू होणे, यकृतात चरबी साचून ते फुटणे ही दुखणी आहेतच. मनुष्यस्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगाचा अभ्यास करणारे संशोधक कोंबडी निवडतात, ती तिला हा रोग आपोआप आणि वारंवार होतो म्हणून.

तेव्हा ‘निर्जीव अंडे’ ही जुनी कसोटी लावली तर आजचे बाजारी अंडे निष्कलंक ठरते, कारण त्या शेडमध्ये नर फिरकतच नाही. आणि हिंसेच्या कसोटीला लावले तर तेच अंडे सर्वांत सदोष ठरते. लेअरच्या जातीची नर पिले तर अंडे देत नाहीत म्हणून जन्मल्या दिवशीच मारली जातात, आणि बाजारी अंड्यात जीव नाही असे म्हणणाऱ्याच्या दृष्टीस ती पडत नाहीत. योगशास्त्राने हिंसा तीन प्रकारची सांगितली, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली. तीस अंड्यांचा ट्रे घरी आणणारा गृहस्थ तिसऱ्या प्रकारात निश्चित येतो, आणि माझ्या मते दुसऱ्यातही.

माडिया-गोंडांच्या पूजाविधीत पिलू देवापुढे आणून त्याच्यासमोर तांदूळ टाकण्याची रीत आहे. पिलाने दाणे टिपले तर देवाला ते मान्य झाले असे समजतात, न टिपले तर थांबतात. शहरी वाचकाला यातला बळी दिसतो, आणि बळीचे समर्थन मी करणार नाही. पण देणाऱ्याचा हात क्षणभर अडखळतो, घेणे हा आपला स्वयंसिद्ध हक्क नाही याची कबुली तो विधी देतो, ही गोष्ट मला आपल्या निर्दोष म्हणविणाऱ्या न्याहारीपेक्षा धर्माच्या अधिक जवळची वाटते. पिंजऱ्यातल्या पन्हाळीत खाद्य नित्य असते, कोंबडी ते नित्य टिपते, आणि त्या टिपण्याचा अर्थ कोणी विचारीत नाही.

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या याच जिल्ह्यांत या प्रश्नाची दुसरी बाजूही उभी आहे, आणि तिला बगल देऊन अहिंसेची चर्चा करणे मला अधर्म वाटते. राज्य सरकारने २०१५ साली अनुसूचित क्षेत्रांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना काढली, आणि पुढे अंगणवाडीतल्या बालकांना त्यातून अंडी मिळू लागली. भामरागड-एटापल्लीकडच्या कुपोषित मुलाला ते अंडे किती मोलाचे, हे मी सांगावयास नको. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला ज्यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली त्या बाबासाहेबांनी आपल्या बुद्धचरित्रात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला, आणि तत्त्व वेगळे व नियम वेगळा असे सांगितले. हा भेद येथे मला दिव्यासारखा वाटतो. त्या मुलाच्या हातातले अंडे गरजेचे आहे. चंद्रपूर-नागपूरच्या भरल्या पानावरचे तिसरे अंडे गरजेचे नाही, आणि कोंबडीचे हाड दोहोंसाठी सारखेच झिजते. शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या अंड्याला धर्माच्या नावाने विरोध करणारे बहुधा याच्या नेमके उलट करतात: गरजवंताचे अंडे काढून घेतात आणि हौसेच्या अंड्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत.

कायद्याचे दप्तर अगदीच रिकामे नाही. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे, आणि विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदाच सरकारपुढे ठेवला. परंतु पिंजऱ्याचे चौरस सेंटिमीटर मोजून हाडाची झीज मोजली जात नाही, हे वर सांगितलेच आहे. मला अधिक आशा वाटते ती पाड्यापाड्यावरच्या बचतगटांकडून, त्यांच्या गावठी किंवा कमी अंड्यांच्या सुधारित कोंबड्यांची अंडी सरकारने थेट अंगणवाडीसाठी घ्यावीत यात. ती अंडी थोडी येतील, पावसाळ्यात कोंबड्या खुडूक झाल्या की खंडही पडेल, मानमोडीच्या रोगाने एखादे वर्ष बुडेल, आणि दर बाजारापेक्षा चढा द्यावा लागेल. हा वाढीव दर मुलांच्या अंड्यांची संख्या कमी करून भागवू नये. तो शहरातल्या अंड्यावर बसवावा, आणि ज्यांना अंडे केवळ रुचीसाठी हवे आहे त्यांनी तो भरावा.