माझ्याआधी तुला कळलं

एप्रिल महिना, पावसला आंबाकाढणी जोरात. शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ गो, रिपोर्ट आलाय व्हॉट्सॲपवर. काय लिहिलंय?" मॅमोग्राफीचा रिपोर्ट, इंग्रजीत. शेवटी 'बायरॅड्स 4' आणि बायोप्सीचा सल्ला.

मी अंगणात जाऊन शोधलं. चार म्हणजे चौथी स्टेज, असंच आधी डोक्यात आलं आणि हातपाय गार पडले. मग नीट वाचलं. ही कॅन्सरची स्टेज नव्हेच. फोटोत जे दिसतं त्याला रेडिओलॉजिस्ट 0 ते 6 असा वर्ग देतात. 4 म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासा. आणि संशय तरी किती? 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत. म्हणजे जवळजवळ काहीही. त्याच फोनवर मराठीत 'छातीत गाठ' शोधलं, तर हळदीचे लेप पुढे आले. (इंग्रजी वाचता येणं हेच आपल्याकडे अर्धं औषध झालंय, पण ते दुखणं वेगळं.)

आत येऊन म्हटलं, "विशेष काही नाही काकू. डॉक्टर सांगतील."

आमच्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं तरी घर गप्प होतं. परळच्या हॉस्पिटलचं नाव हेच आजाराचं नाव. ते माझ्या तोंडून नको, एवढंच मनात होतं. अप्रिय सत्य बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मनुस्मृतीतल्या त्याच श्लोकात प्रिय असलं तरी खोटं बोलू नये असंही आहे, ते आपण सोयीने विसरतो.

पण मला खोटं बोलण्यापेक्षा दुसरंच खटकतं. दोन मिनिटं गुगल केलं आणि मी काकूंची पालक झाले. डॉक्टर काही लपवतात तेव्हा निदान त्याचा जाब त्यांना विचारता येतो. मला कोण विचारणार? आणि मला कळलं होतं ते तरी काय? 2 ते 95. एवढ्यावर मी ठरवून टाकलं की त्यांना झेपणार नाही. काकांच्या मागे एकटीने कलमं राखलेल्या बाईला!

काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला. "मग आंबा संपला की जाते डॉक्टरांकडे." आंबा संपायचा म्हणजे मेअखेर. मग पाऊस, मग लावणी.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्या पेट्या भरत बसल्या होत्या. "काकू, त्यात सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलंय. थांबू नका. कॅन्सर असेल, नसेलही. मी त्याच दिवशी वाचलं होतं."

त्या रडल्या नाहीत. हातातला आंबा पेंढ्यात ठेवला.

"म्हणजे गाठ माझी, नि कळली आधी तुला. तीन दिवस."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी पदराला हात पुसून फोन पुढे केला. "आता वाच. सगळं. गाळू नको काही."